दीड अंशाची पकड : लेथचे अडकलेले सेंटर कसे सोडवावे?

स्टीलचे दोन पेले घासूनपुसून एकात एक घालून ठेवले, की कधी कधी ते इतके घट्ट बसतात की काही केल्या सुटत नाहीत. दोन्ही हातांनी ओढून पाहावे, ओट्यावर आपटून पाहावे, तरी ते दाद देत नाहीत. पेल्याची बाजू वरून खाली किंचित निमुळती होत गेलेली असते. आतला पेला थोडासा खाली दाबला गेला, की त्याची बाजू बाहेरच्या पेल्यात पाचरीसारखी रुतते आणि मग घर्षण त्याला सोडत नाही.

घरात त्रासदायक वाटणारी हीच गोष्ट यंत्रशाळेत मुद्दाम घडवून आणलेली असते. लाकूड कातण्याच्या लेथच्या टेलस्टॉकमध्ये सेंटर बसवलेले असते, ते केवळ अशा निमुळत्या पकडीवर. पण एखादे दिवशी हे सेंटर पेल्यासारखेच अडकून बसते. मग कोणी हातोडा आणतो, कोणी पाईप-पाना आणतो, आणि दहा मिनिटांत चांगल्या यंत्राचे कायमचे नुकसान होते. घाव कोठे घालावा, किती घालावा आणि मुळात घालावा की नाही, हे शाळेत शिकलेल्या घर्षणाच्या नियमांवरून ठरवता येते. ते कसे, हे आपण या लेखात पाहू.

टेलस्टॉकची रचना

लाटणे, पाळण्याचे खांब, सावंतवाडीची लाखकामाची खेळणी या साऱ्या कातीव वस्तू लेथवर होतात. आजच्या विजेच्या लेथवर डाव्या हाताला हेडस्टॉक असतो. त्यातील स्पिंडल मोटरने फिरते आणि लाकडाला फिरवते. उजव्या हाताला टेलस्टॉक असतो. लाकडाचे दुसरे टोक सावरून धरणे हे त्याचे काम.

टेलस्टॉकच्या पोटात एक पोकळ पोलादी दंडगोल असतो. त्याला क्विल म्हणतात. क्विलच्या मागच्या भागात आतून आटे पाडलेले असतात व त्यांत एक स्क्रू बसतो. मागचे हातचाक फिरवले, की हा स्क्रू फिरतो. क्विलच्या अंगावरील खाचेत एक चावी अडकलेली असल्यामुळे क्विल स्वतः फिरू शकत नाही. ती सरळ पुढे किंवा मागे सरकते. क्विलच्या पुढच्या तोंडाशी निमुळते भोक असते आणि त्यात सेंटरची तेवढीच निमुळती दांडी बसते. ही दांडी धरून ठेवायला ना स्क्रू असतो, ना नट, ना खिळा.

हे निमुळतेपण कोणी कसेही ठरवत नाही. त्याची मापे ठरलेली आहेत. अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले आणि १८६४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड येथे त्याच्या नावाची कंपनी निघाली. त्याच्या नावाने ओळखले जाणारे ‘मोर्स टेपर’ आज जगभर वापरतात. त्याचे ० ते ७ असे क्रमांक आहेत. लाकूडकामाच्या पुष्कळ लेथवर क्रमांक २ चा टेपर असतो. त्याचा जाड बाजूचा व्यास १७.७८ मि.मी. असून लांबीच्या दर २० मि.मी.ला व्यास सुमारे १ मि.मी.ने कमी होतो.

व्यास २० ला १ या प्रमाणात कमी होतो, म्हणजे त्रिज्या ४० ला १ या प्रमाणात कमी होते. कागदावर २० से.मी. लांबीची आडवी रेघ ओढा, तिच्या एका टोकाशी अर्धा से.मी. उंचीची उभी रेघ काढा आणि त्रिकोण पुरा करा. जो अगदी बारीक कोन दिसेल, तोच सेंटरच्या बाजूचा अक्षाशी होणारा कोन. तो १ अंश २६ मिनिटे, म्हणजे दीड अंशाहूनही थोडा कमी आहे. सेंटरची सारी पकड या कोनात आहे.

घर्षण किती, उतार किती?

लाकडी फळीवर एक नाणे ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. काही कोनापर्यंत नाणे जागचे हलत नाही, मग एकाएकी घसरते. ज्या कोनाला ते घसरू लागते, त्याला घर्षणकोन म्हणतात. उतार यापेक्षा कमी असेल, तर वस्तू आपल्याच वजनाने घसरत नाही.

सेंटरची दांडी ही गोल गुंडाळलेली पाचरच आहे. कोरड्या, स्वच्छ पोलादावर पोलाद सरकताना घर्षण गुणांक आपण ०.१५ धरू. त्यावरून घर्षणकोन सुमारे साडेआठ अंश येतो. पाचरीचा कोन मात्र दीड अंशही नाही. साहजिकच, एकदा दाबून बसवलेले सेंटर आपण होऊन बाहेर घसरत नाही. म्हणूनच अशा टेपरला स्वतःला धरून ठेवणारा टेपर म्हणतात.

आता थोडे गणित करू. समजा, भोकाच्या भिंती सेंटरच्या दांडीवर सगळीकडून मिळून ४,००० न्यूटन इतका लंब दाब देत आहेत. मग घर्षणाचे बल ४,००० × ०.१५ = ६०० न्यूटन. बाजू तिरपी असल्यामुळे हा दाब सेंटरला थोडासा बाहेरही ढकलतो. ते बल ४,००० × १/४० = १०० न्यूटन.

सेंटर आत बसवताना या दोन्ही बलांविरुद्ध जोर लावावा लागतो, म्हणजे ६०० + १०० = ७०० न्यूटन. बाहेर काढताना मात्र ते १०० न्यूटन आपल्या बाजूने असतात. तेव्हा लागणारे बल ६०० − १०० = ५०० न्यूटन.

हा हिशेब नीट ध्यानात घ्या. जेवढ्या जोराने सेंटर आत बसवले, त्याच्या पाचसप्तमांश जोराने ते बाहेर निघायला हवे. सरकत्या पृष्ठभागांपेक्षा थांबलेल्या पृष्ठभागांमधील घर्षण जास्त असते, हे खरे. म्हणून बाहेर काढताना गुणांक ०.१५ ऐवजी ०.२ धरला, तरी ८०० − १०० = ७०० न्यूटन पुरतात. म्हणजे जास्तीत जास्त बसवण्याइतकाच जोर.

हातचाकाची ताकद

आत दाबणारे बल कोठून येते? हातचाकापासून. समजा, हातचाकाची त्रिज्या ६० मि.मी. आहे आणि स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर ३ मि.मी. आहे. चाकाचा एक फेरा म्हणजे हाताचा सुमारे ३७७ मि.मी. प्रवास. तेवढ्यात क्विल सरकते फक्त ३ मि.मी. वेगाचे गुणोत्तर सुमारे १२५ झाले. यातील तीनचतुर्थांश स्क्रूच्या घर्षणात गेले असे धरले, तरी हाताच्या ५० न्यूटन जोराचे दीड हजार न्यूटन होतात. लाकडाच्या टोकावर एवढा दाब पडतो आणि तोच सेंटरला भोकात रुतवतो.

हे चाक उलटे फिरवले म्हणजे क्विल मागे जाते. पण स्क्रू मागे जात नाही, तो जागच्या जागी फिरतो. त्यामुळे क्विल पुरेशी मागे आली, की स्क्रूचे टोक सेंटरच्या मागच्या बुडाला टेकते आणि त्याला पुढे ढकलते. टेलस्टॉकमधून सेंटर काढण्याची ही नेहमीची रीत आहे. बसवणारे चाक आणि काढणारे चाक एकच आहे. आणि काढायला लागणारा जोर बसवण्याच्या जोरापेक्षा अधिक नाही.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. केवळ हातचाकाने रुतलेले सेंटर हातचाकाने निघालेच पाहिजे. ते निघत नसेल, तर दुसरे काही तरी कारण आहे. अशा वेळी जोर वाढवण्याआधी कारण शोधावे.

कारण कसे शोधावे?

प्रथम यंत्राचा प्लग काढा. क्विलचा अडसर सैल करा आणि हातचाक उलटे फिरवीत राहा. चाक कसे थांबते, इकडे लक्ष द्या.

क्विल विनाअडथळा पार मागे जाऊन टेलस्टॉकच्या आत टेकली आणि सेंटर मात्र तसेच राहिले, तर स्क्रूचे टोक सेंटरपर्यंत पोचतच नाही असे समजावे. काही सेंटरांची दांडी मागून आखूड असते. येथे सेंटर फारसे अडकलेले नसते. त्याला ढकलणारे कोणी नसते, इतकेच.

याउलट, चाक फिरता फिरता मध्येच घट्ट झाले आणि क्विल अजून बाहेर आहे असे दिसले, तर स्क्रू सेंटरला टेकला आहे आणि सेंटर हलत नाही. याची कारणे चार असू शकतात. पहिले कारण गंज. लोखंडाच्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फटीत फुगतो आणि दाब वाढवतो. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद असलेल्या यंत्रात हे हमखास घडते. दुसरे कारण उष्णता. तापलेल्या क्विलमध्ये थंड सेंटर बसवले, की क्विल निवताना आकुंचन पावते आणि सेंटरला आवळते. तिसरे कारण भोकातील कचरा किंवा दांडीवर उठलेली धातूची कड. चौथे कारण माणसाचे : सेंटर हातोड्याने ठोकून बसवलेले असणे. हातोड्याच्या क्षणिक घावाचे बल हातचाकाच्या बलापेक्षा कितीतरी मोठे असते.

सेंटर कसे काढावे?

स्क्रू पोचत नसेल, तर मागून पाहा. काही टेलस्टॉकचा स्क्रू आरपार पोकळ असतो. त्यातून पितळेची सळई घालून सेंटरच्या बुडाला टेकवावी आणि तिच्यावर हलका ठोका द्यावा. पुढून सेंटरखाली जाड फडके धरावे, म्हणजे टोक खाली पडून बोथट होणार नाही.

स्क्रू भरीव असेल, तर क्विलच बाहेर काढावी. अडसर सैल करून हातचाक नेहमीप्रमाणे पुढे फिरवीत गेले, की क्विल स्क्रूवरून सुटून पुढून बाहेर येते. काही यंत्रांत त्याआधी चावीचा स्क्रू सैल करावा लागतो. क्विल मागून पोकळ असल्याने आता सेंटरचे बूड आपल्याला मिळते. एका जाड लाकडी ठोकळ्याला क्विलपेक्षा लहान, पण सेंटर मोकळेपणी खाली जाईल एवढे भोक पाडा. त्यावर क्विल उभी ठेवा, सेंटरचे टोक खाली. भोकात भुसा भरा. मागून पितळेची सळई घालून एक नेमका, सरळ ठोका द्या. भिंतींना धक्का न लागता सारे बल अक्षाच्या रेषेत जाते, हे या रीतीचे वैशिष्ट्य.

पुढे असे होऊ नये म्हणून सेंटरची लांबी वाढवावी. बऱ्याच सेंटरांच्या बुडाला आटे पाडलेले भोक असते. त्यात योग्य मापाचा बोल्ट बसवला, की त्याचे डोके स्क्रूला टेकते.

स्क्रू टेकलेला असून सेंटर हलत नसेल, तर चाकावर बेताचा ताण ठेवा आणि सेंटर व क्विल यांच्या सांध्यावर गंज सोडवणारे पातळ तेल सोडा. ते केशाकर्षणाने फटीत शिरते, पण त्याला वेळ लागतो. रात्रभर राहू द्या. तेलाने घर्षण गुणांक कमी होतो. वरच्या हिशेबात तो ०.१ झाला, तर लागणारे बल ४०० − १०० = ३०० न्यूटन इतकेच उरते. दुसऱ्या दिवशी चाकावर पुन्हा ताण देऊन क्विलच्या तोंडाभोवती लाकडी मोगरीने हलके हलके ठोके द्या. कंपनाने थांबलेले पृष्ठभाग क्षणभर सुटतात आणि स्क्रूचा ताण आपले काम करतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर पेल्यांची युक्ती वापरा. पेले सोडवताना बाहेरचा पेला गरम पाण्यात धरून आतल्यात थंड पाणी ओततात. तसेच गरम पाण्यातून पिळून काढलेले फडके क्विलभोवती गुंडाळा आणि सेंटरला बर्फ लावा. पोलादाचा रेषीय प्रसरणांक अंशाला ०.००००१२ आहे. दोहोंच्या तापमानांत ५० अंशांचा फरक पडला, तर १८ मि.मी. व्यासात १८ × ०.००००१२ × ५० = ०.०१०८ मि.मी. इतका फरक पडतो. हा केसाच्या जाडीहूनही पुष्कळ लहान आहे. पण टेपर २० ला १ असल्याने व्यासातील ०.०१ मि.मी. म्हणजे लांबीतील ०.२ मि.मी. सेंटर एवढे सरकवल्यासारखाच हा परिणाम आहे. हे काम चटकन करावे, नाही तर दोन्ही भाग एकाच तापमानाला येतात.

निमुळत्या पकडीचा हा मोठा गुण आहे. सरळ भोकात ठोकून बसवलेली खुंटी अखेरपर्यंत घासत बाहेर येते. सेंटर मात्र १ मि.मी. पुढे आले, की सभोवार ०.०२५ मि.मी. फट पडते आणि सारा दाब एकदम नाहीसा होतो. म्हणून ‘टक्’ असा आवाज होऊन ते अवचित सुटते. त्या क्षणी हात, पाय किंवा चेहरा त्याच्या वाटेत असू नये.

काय करू नये?

सेंटरला पाईप-पाना लावून पिळण्याचा मोह फार होतो. त्याला शास्त्रीय आधारही आहे. घर्षण नेहमी सरकण्याच्या दिशेविरुद्ध असते. सेंटर गोल फिरू लागले, की सारे घर्षण त्या फिरण्याला अडवण्यात खर्च होते आणि बाहेर येण्याला अडवायला ते फारसे उरत नाही. शिवाय २० से.मी. लांब पान्यावर ६०० न्यूटन घर्षणाशी झुंजायला अवघे २४ न्यूटन पुरतात. कारण दांडीची सरासरी त्रिज्या फक्त ८ मि.मी. आहे. पण दाबाखाली फिरणारे पोलाद पोलादाला ओरखडते. एक ओरखडा पडला, की त्याची कड वर येते आणि पुढचे प्रत्येक सेंटर त्या कडेवर टेकून तिरके बसते. समजा, भोकाच्या तोंडाशी एका बाजूला ०.१ मि.मी. उंचीची कड आहे आणि दांडी ६४ मि.मी. आत आहे. सेंटरचे टोक ३२ मि.मी. बाहेर असेल, तर ते ०.१५ मि.मी.ने सरकते. याच टेलस्टॉकने धरलेले ड्रिल मग लाकडाच्या मधोमध जात नाही.

सेंटरवर आडवा घाव घालू नये. फिरत्या सेंटरच्या आत बेअरिंग असते; त्याच्या गोळ्यांच्या वाटेवर घावाने खळगे पडतात. कडक पोलादी सेंटरवर कडक पोलादी हातोडा मारू नये. अशा वेळी उडणारी कपची डोळ्यात गेली, तर डोळा जातो. पितळ मऊ असते. ते स्वतः चेपते, पण कपची उडवत नाही. तरीही संरक्षक चष्मा घातल्यावाचून ठोका मारायचा नाही, हा शिक्षकांनी यंत्रशाळेत कटाक्षाने पाळायला लावण्याचा नियम आहे. ब्लोलॅम्पची ज्योतही लावू नये. तापून पोलादाचा रंग बदलला, की त्याचे पाणी उतरते आणि बेअरिंगमधील ग्रीस वाहून जाते.

सेंटर निघाल्यावर दांडी आणि भोक दोन्ही रॉकेलने पुसून कोरडी करावीत. उठलेली कड ऑईलस्टोनने अलगद घासून बसवावी. कानस लावू नये. सेंटर बसवताना हाताने झटका देऊन बसवावे, हातोड्याने नव्हे. काम संपल्यावर ते भोकातून काढून ठेवावे. यंत्र महिनाभर बंद राहणार असेल, तर भोकाला तेलाचा हलका हात द्यावा आणि पुन्हा वापरण्याआधी ते पुसून टाकावे.

कोन बदलला तर?

कारखान्यांतील ड्रिलिंग यंत्रातही मोर्स टेपर असतो. तेथे स्पिंडलला आरपार खाच असते. तिच्यातून ड्रिफ्ट नावाची चपटी पाचर ठोकतात आणि ड्रिल खाली निसटते. काट्याने काटा काढावा, तशी येथे पाचरीने पाचर काढतात.

मिलिंग यंत्राच्या स्पिंडलमध्ये मात्र वेगळा टेपर वापरतात. त्याचा व्यास २४ मि.मी. लांबीला ७ मि.मी.ने कमी होतो. म्हणजे बाजूचा उतार ७/४८, सुमारे ०.१४६. आपल्या ०.१५ या गुणांकाच्या तो अगदी जवळ आहे. आत ढकलण्याच्या बलाच्या सुमारे सत्तराव्या हिश्शात असे हत्यार सुटते. ते चटकन बदलता यावे म्हणूनच हा कोन निवडला आहे. पण मग त्याला धरून ठेवायला मागून ओढणारा दांडा लावावा लागतो. लहान कोन धरतो आणि सहज सोडत नाही. मोठा कोन सोडतो, पण स्वतः धरत नाही. कामाप्रमाणे कोन निवडणे हे अभियंत्याचे काम आहे.

करून पाहा

१. स्टीलच्या ताटाचा सपाट भाग हळूहळू कलता करून त्यावर नाणे कोणत्या उतारावर घसरते ते मोजा. उचललेली उंची भागिले आडवे अंतर म्हणजे घर्षण गुणांक. मग ताटाला तेलाचा हात लावून पुन्हा मोजा.

२. घरातील एका पेल्याच्या तोंडाचा व यापेक्षा खालच्या एखाद्या जागेचा व्यास आणि त्यांमधील उभे अंतर मोजा. बाजूचा उतार काढा. तो तुम्ही मोजलेल्या गुणांकापेक्षा लहान आहे की मोठा? त्यावरून पेले अडकतील की नाही, याचे अनुमान करा आणि पडताळून पाहा.

३. प्रयोगशाळेतील घासलेल्या काचेच्या प्रमाणित बुचाचा व्यास दर १० मि.मी.ला १ मि.मी.ने कमी होतो. घर्षण गुणांक ०.१५ धरून, ते बसवायला लागलेल्या बलाच्या किती पट बलाने बूच निघेल? (उत्तर : निम्म्या.) बूच त्यापेक्षा जास्त घट्ट असेल, तर पिळण्याआधी कोणती कारणे शोधाल?